नऊ छेद

कार्डावर नऊच छेद होते. सर्वेशने ते एकदा डावीकडून मोजले, एकदा उजवीकडून मोजले, मग कार्ड ट्यूबलाइटसमोर धरून पुन्हा मोजले आणि टेबलावर ठेवत अगदी सौम्यपणे म्हणाला, "आंटी, एक मिस आहे." आयव्हीला आधी राग आला तो त्या सौम्यपणाचाच. डॉक्टर, बँकेतली मुलगी, सोसायटीचा सेक्रेटरी, हल्ली सगळे तिच्याशी याच आवाजात बोलत. बावन्न वर्षांच्या बाईला वाईट बातमी जपून सांगायची असते, असं जणू सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. "मिस नाही," ती म्हणाली. "दहा मारले. दहाही कार्डात आहेत." हे तिने इतक्या पटकन आणि इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या टेबलावर आपलं पिस्तूल पुसत असलेली मुलगी मान वर करून बघायला लागली.

"पण तुम्ही क्वालिफाय आहात ना!" सर्वेश हसला. हा जिल्हा नेमबाजी संघटनेने आजच्या निवडीसाठी पाठवलेला पंच, वय फार तर अठ्ठावीस, गळ्यात ओळखपत्र आणि शर्टाच्या खिशात छोटं भिंग. "नऊ छर्‍यांचेच अठ्ठ्याहत्तर झालेत. पंच्याहत्तर लागतात. इथे सही करा, बस्स. पुढच्या महिन्यात ठाण्याला मॅच." त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. नाव, लेन, गुण, आणि 'मिस' असं लिहिलेल्या चौकोनात निळ्या शाईने एक. खाली सहीची रिकामी जागा. दहा मिनिटांत सही झाली नाही तर निकाल रद्द, हे सकाळीच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. मागे भिंतीला लागून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून गिल्बर्ट उठला. आयव्हीच्या सरावाच्या दीड वर्षात तो पहिल्यांदाच इथे आला होता, मांडीवर घरी तळलेल्या गोडसर फुग्यांचा डबा घेऊन बसला होता, आणि इतका वेळ चर्चमध्ये मिस्सेला बसावं तसा गप्प होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "कर ना सही. पास झालीस ना? मग झालं की." नवर्‍याचा हा आवाज आयव्हीला चांगला ओळखीचा होता. सव्वीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तो याच आवाजात हेच बोलला होता.

तिने पेन उचललं नाही. कार्डाकडे बघत राहिली. वीतभर चौकोनी जाडसर कागद, त्यावर एकात एक दहा वर्तुळं, मधली काळी, बाहेरची पांढरी. हे कार्ड पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी ती खरं तर योगाच्या क्लासची चौकशी करायला आली होती. ठाकुर्लीत फरशांच्या गोदामावर हा लांबलचक हॉल, जिन्यात सिमेंटची धूळ, आणि दारात शिवराम सर, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, एका मुलीचं वापरलेलं कार्ड हातात घेऊन तिची कानउघाडणी करत होते. "चाप ओढलास की दाबलास? ओढलास. कसं कळलं? हे बघ, सगळे छेद खाली डावीकडे गेलेत. आणि हे दोन वर-खाली, म्हणजे श्वास चालू होता. मला कशाला खोटं सांगतेस, कागद सांगतोय." आयव्ही दारातच थबकली. योग राहिला तो राहिलाच. तिला नेमबाजीचं काही कौतुक नव्हतं, बंदुकीची तर भीतीच होती, पण कागदाकडे बघून हाताने काय केलं ते वाचता येतं, आणि कोणी कितीही गोड किंवा चढ्या आवाजात बोललं तरी ते बदलत नाही, या गोष्टीने तिला असं काही धरलं की ती दुसर्‍या दिवशी अर्ज भरून मोकळी झाली. मुलाने, ब्रँडनने, फोनवर ऐकून खदाखदा हसून घेतलं. "मम्मी, कोणाला उडवायचंय?" गिल्बर्ट हसला नाही, पण "गुडघ्याला जप" एवढंच म्हणाला. हवेच्या पिस्तुलाला गुडघ्याचं काय काम, हे तिने त्याला समजावलंही नाही.

शिवराम सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, काळ्याकडे बघायचं नाही. सगळे नवखे काळ्यावर डोळा ठेवतात आणि फसतात. पिस्तुलाच्या टोकावरची पट्टी, तेवढीच स्वच्छ दिसली पाहिजे. पलीकडचं काळं वर्तुळ धूसर झालं तर होऊ दे. आणि नेम धरायचा तो काळ्याच्या मधोमध नाहीच, त्याच्या खाली, पांढर्‍यावर, दोहोंमध्ये उजेडाची बारीक फट ठेवून. इतरांना हे पचायला महिने लागायचे. हवंय ते सोडून भलतीकडेच बघायचं म्हणजे काय! आयव्हीला ते पहिल्या दिवशीच समजलं. आंबिवलीच्या कारखान्यात बावीस वर्षं ती प्रेशर गेज तपासत होती. तिथेही तेच असायचं. गेज कोणाचं, ऑर्डर किती निकडीची, साहेब मागे उभा आहे की नाही, ते सगळं धूसर होऊ द्यायचं आणि काट्याचं टोक तेवढं बघायचं. हात दुखायचा, खांदा भरून यायचा, पण हॉलच्या त्या टोकाला दहा मीटरवर टांगलेल्या कागदासमोर उभं राहिलं की तिला फार दिवसांनी आपण आपल्या जागी आहोत असं वाटायचं.

"आंटी, छर्रा घालायचाच राहिला असेल," सर्वेश म्हणाला. "होतं असं. टेन्शनमध्ये तर नक्कीच." होतं हे खरं होतं. छर्रा न घालता चाप दाबला तरी पिस्तूल फट्कन हवा सोडतंच, हाताला तसाच झटका बसतो, आणि पलीकडे कागद जसाच्या तसा हलत राहतो. शिवराम सर त्याला 'उपाशी बार' म्हणत. या हॉलमध्ये तो न काढलेला माणूस नव्हता. पावसाळ्यात आयव्हीने स्वतः दोनदा काढला होता आणि दोन्ही वेळा वरमून हसली होती. आज घातला होता ना? पहिले सहा तिला सरळ आठवत होते. सातवा, आवाज स्वच्छ, पट्टी स्थिर, उजेडाची फट केसाएवढी. दुर्बिणीतून बघितलं तर नऊच्या वर्तुळात, जरासा उजवीकडे. मग हात खाली. मग पाण्याचा घोट. मग आठवा. आठव्याच्या वेळी छर्रा चिमटीत धरल्याचं तिला आठवत होतं का, की सातव्याचं आठवत होतं आणि आठव्याचं म्हणून ती ते वापरत होती? बाटलीच्या झाकणात तिने मोजून दहा ठेवले होते आणि आता झाकण रिकामं होतं. पण एखादा घरंगळला असेल. अंगठ्याला शिशाचा करडा डाग होता. पण डाग नवांचाही तेवढाच पडतो. जसजसं ती आठवू बघत होती तसतसं सगळं पातळ होत चाललं. कदाचित हा पोरगा बरोबर असेल, कदाचित वय झालं असेल, सही करून घरी जावं, डबा उघडावा, असं एक मन गिल्बर्टच्या आवाजात तिला सांगायला लागलं.

तेव्हाही असंच झालं होतं. साल अठ्ठ्याण्णव. पुण्याच्या एका गिर्‍हाइकाकडून गेजचा अख्खा लॉट परत आला, काटे अडकत होते. तपासणीचा शिक्का आयव्हीचा. नापास गेजच्या गळ्यात लाल दोरा बांधायचा अशी त्यांच्या खात्याची पद्धत होती, आणि त्या लॉटमधल्या अकरा गेजना तिने दोरे बांधले होते, स्वतःच्या हाताने, दोन-दोन गाठी मारून. दुसर्‍या दिवशी पॅकिंगवाल्या उत्तमच्या टेबलाखाली तिने ते दोरे पाहिलेही होते, कापलेले, केरात. ऑर्डर पुरी करायची होती, महिनाअखेर होती. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि विचारलं, "तुम्हाला अगदी खात्री आहे का, दोरे बांधले होते याची?" त्या प्रश्नाआधी तिला खात्री होती. प्रश्न आला आणि तिची बोटं आठवेनाशी झाली. अकरा की दहा? याच लॉटला की आधीच्या? साहेब सौम्य होते, ओरडले नाहीत. "तपासणीत माझ्याकडून दुर्लक्ष झाले" असा एक ओळीचा कागद होता. नोकरीला धक्का लागणार नाही म्हणाले, आणि खरंच लागला नाही. तिने घरी येऊन गिल्बर्टला सांगितलं. ब्रँडन तेव्हा सात महिन्यांचा, तापाने फणफणलेला. गिल्बर्ट दारात उभा राहून म्हणाला, "असू दे गं. कर ना सही. नोकरी राहिली ना? मग झालं की." तिने सही केली. त्यानंतर कोणी तिला त्याबद्दल अवाक्षर बोललं नाही, हेच तर सगळ्यात वाईट होतं. सगळे समजून घेऊन वागले. तिच्या टेबलाशेजारी दुसर्‍या तपासनिसाचं एक जास्तीचं टेबल आलं, तिने पास केलेलं तो पुन्हा बघायचा, आणि तो भला माणूस दरवेळी म्हणायचा, "सिस्टमच आहे हो मॅडम, मनावर घेऊ नका." कारखाना बंद पडेपर्यंत ती दोनदा तपासलेली बाई होती.

आयव्हीला हे सगळं त्या टेबलापाशी एका झटक्यात आठवलं असं नाही. ते तिच्यात रोजच असायचं, गुडघ्याच्या दुखण्यासारखं. आज फक्त तिच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती इतकी साधी होती की तिला हसू फुटायची वेळ आली. शंका तिची नव्हती. खात्री आधीपासून तिच्याकडे होती, शंका दर खेपेला टेबलाच्या त्या बाजूने आली होती, चहाबरोबर, सौम्य आवाजात. "वही," ती म्हणाली, आणि पिशवीत हात घातला.

शिवराम सरांचा नियम असा की छर्रा सुटला की लगेच दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. आधी आपल्या हाताला विचारायचं कुठे गेला, आणि वहीत काढलेल्या वर्तुळात तिथे ठिपका द्यायचा. मगच बघायचं. कागद खोटं बोलत नाही, पण आपण आपल्याशी खरं बोलतो का ते या ठिपक्यांवरून कळतं, असं ते म्हणत. पोरं कंटाळा करत. आयव्ही ब्रँडनच्या शाळेतल्या कंपासने वर्तुळं काढून दीड वर्षं ठिपके देत आली होती. आजचं पान तिने उघडून सर्वेशपुढे ठेवलं. कार्ड आणि वही शेजारी शेजारी. ठिपके आणि छेद जवळजवळ जुळत होते, एखादा इकडचा तिकडे. आणि नऊच्या वर्तुळात, जरासा उजवीकडे, एक ठिपका इतरांपेक्षा जाड होता, पेन्सिलीने कागद खरवडला होता. "हा सातवा," ती म्हणाली, "आणि हाच आठवा. आठवा मारला तेव्हा मला कळलं, त्याच जागी गेला. म्हणून ठिपका त्याच ठिपक्यावर दिला. मग दुर्बिणीतून बघितलं तर नवा छेद नाही. मला आनंद झाला हो! मी मनात म्हटलं, वा."

सर्वेशने वही ओढून घेतली, पेन्सिलीचं मागचं टोक ठिपक्यांवरून फिरवलं आणि वर बघितलं. "आंटी, यात पण नऊच आहेत." पिस्तूल पुसणारी मुलगी फिस्सकन हसली. गिल्बर्टने खाली बघितलं. आणि आयव्हीही हसली, अगदी मनापासून, कारण पोरगा म्हणत होता ते अक्षरशः खरं होतं. तिने ठिपक्यांना आकडे दिले नव्हते. तिला कधी गरजच वाटली नव्हती. स्वतःच्या वहीत स्वतःसाठी कोण पुरावा ठेवतं?

मग भिंग आलं. सर्वेशने छेद न्याहाळला, शिवराम सरांना बोलावलं. क्लबचे म्हणून आज त्यांना निकालात बोलायचा अधिकार नव्हता, ते इतका वेळ हात मागे बांधून खिडकीपाशी उभे होते. त्यांनी चष्मा वर करून, भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघितलं. "कड जरा लांबट आहे," ते म्हणाले. "पण कागद दमट आहे. दोनाचाही असेल, एकाचाही असेल. मी सांगू शकत नाही, बाई." आयव्हीला त्यांचं वाईट वाटलं नाही; उलट बरंच वाटलं, आज सकाळपासून तिच्याशी जपून न बोललेला हा पहिला माणूस.

"असं करू या," सर्वेश म्हणाला. तो मुळात वाईट नव्हता, त्याला प्रकरण मिटवायचं होतं. "लेन रिकामी आहे. नवीन कार्ड लावतो. तुम्ही परत एकदा, एकाच छेदात दोन, मारून दाखवा. ऑफिशियल नाही, पण मी रिपोर्टमध्ये लिहीन." हॉलमध्ये जरा चुळबुळ झाली, तमाशा कोणाला नको असतो? आयव्हीने लेनकडे बघितलं. तिकडे त्या टोकाला दिवा जळत होता आणि त्याखाली कोरं कार्ड लावायची जागा रिकामी होती. तिचा हात क्षणभर खरंच शिवशिवला. मग तिला ते जास्तीचं टेबल आठवलं, पास केलेलं पुन्हा पास करून दाखवणं आठवलं, आणि ती म्हणाली, "नाही. मी मारलंय. दाखवण्यासाठी नाही मारत मी."

"मग मिस धरावा लागेल."

"तुम्ही धरा. तुमचं काम आहे. मी सही करणार नाही."

"आंटी, सही नाही केली तर पूर्ण निकाल रद्द होतो. अठ्ठ्याहत्तर पण जातील. ठाणे जाईल. समजतंय ना तुम्हाला?"

"मला सगळं समजतं," आयव्ही म्हणाली, "आणि आंटी म्हणू नका. कागदावर नाव आहे माझं."

गिल्बर्ट पुढे आला, तिच्या कोपराला हात लावला. "आयव्ही, अगं ऐक ना. दीड वर्ष हात मोडून घेतलास. एका आकड्यासाठी कशाला घालवतेस? कोण बघतंय तो चौकोन?" तिने कोपर सोडवून घेतलं नाही, पण हललीही नाही. ठाण्याला जायचं तिला फार होतं. तिने तिथला मोठा हॉल फोनवर बघून ठेवला होता, कोणता टी-शर्ट घालायचा तेही ठरवलं होतं, शेजारच्या एमाला सांगूनही झालं होतं. डोळे भरले, तिने ते पुसले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती उरलेली चार मिनिटं उभी राहिली. खाली गोदामात कोणीतरी फरशा उतरवत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. वेळ संपल्यावर सर्वेशने कागद आपल्याकडे ओढला आणि सहीच्या जागी आडवी रेघ मारली. कार्ड संघटनेकडे जमा होतं, ते त्याने पाकिटात घातलं. आयव्हीने पिस्तूल पेटीत ठेवलं, झाकण बाटलीला लावलं, वही घेतली. दारात शिवराम सर म्हणाले, "मंगळवारी या. आठव्याच्या वेळी खांदा कसा ठेवला होता ते मला बघायचंय." ती म्हणाली, "येते."

गिल्बर्टने स्कूटर काढली. दोघं पुलावर चढले. डबा दोघांच्या मध्ये, अजून कोमट. रविवारची दुपार, शहाडच्या बाजूने येणारा जड वारा, आणि गिल्बर्ट मान न वळवता बोलला. "खात्री होती तुला? दहाची?"

"होती."

"एवढी?"

"तेव्हाही होती," आयव्ही म्हणाली. "कारखान्यात. अकरा दोरे बांधलेले मी. दोन-दोन गाठी."

स्कूटर हळू झाली. मागचा रिक्षावाला हॉर्न मारून पुढे गेला. पूल उतरल्यावर गिल्बर्टने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि हेल्मेट काढून हातात धरलं. त्याचे विरळ केस घामाने चिकटले होते. "मला वाटलेलं," तो म्हणाला, आणि थांबला. "मला वाटलेलं ते तू असंच बोललीस. पोर आजारी, झोप नाही, झाली असेल चूक. माणूस बोलतोच काहीतरी. मी मनावर नव्हतं घेतलं गं. कधीच धरलं नाही तुझ्यावर."

"माहीत आहे. सव्वीस वर्षं तू मला माफ करत आलास."

त्याचा चेहरा बघून तिला त्याची दया आली, आणि ती दया तिने बाजूला ठेवली; आज नाही, ती मनात म्हणाली. "मला सांगायचंस ना मग," तो शेवटी म्हणाला, "जोर देऊन."

"सांगितलेलं, गिल्बर्ट. त्याच दिवशी, उत्तमच्या टेबलाखालचे दोरे पाहिले तेही. तू म्हणालास, असू दे."

त्याने मान हलवली, हो अशी की नाही अशी, ते कळलं नाही. मग त्याने हेल्मेट आरशाला अडकवलं, डबा उघडला आणि तिच्यापुढे धरला. तिने एक फुगा घेतला, खाल्ला, बोटं रुमालाला पुसली. मग पिशवीतून वही काढली, स्कूटरच्या सीटवर ठेवून आजचं पान उघडलं. जाड ठिपक्याच्या एका बाजूला तिने सात लिहिले, दुसर्‍या बाजूला आठ. गिल्बर्ट वाकून बघत होता. तिने पानाखाली तारीख घातली, 'दहा मारले, दहाही आत' असं लिहिलं, आणि त्याखाली सही केली.